निःस्वाचे दप्तर : खाजगी कागद आणि वाचकाचे व्रत

१

जेझुइट धर्मगुरू आणि रसायनशास्त्राचा प्राध्यापक अशी दुहेरी ओळख असलेला एखादा माणूस निवर्ततो. त्याच्या खोलीतील वह्या, पत्रे आणि टिपणे एका पेटीत भरली जातात आणि कालांतराने ग्रंथालयाच्या सूचीत त्या पेटीला ‘वैयक्तिक कागदपत्रे’ असे नाव मिळते. सूचिकाराच्या दृष्टीने हे नाव निरुपद्रवी असते. मात्र ज्याच्या मागे ते लावले जाते, त्याच्या आयुष्याशी ते पडताळून पाहिले की त्यातील विसंगती जाणवू लागते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन हा माणूस संघात आलेला असतो. दारिद्र्याच्या व्रताचा अर्थ केवळ साधी राहणी एवढाच नाही. वस्तूवरील स्वामित्वाचा त्याग हा त्याचा गाभा आहे. तो राहतो ती खोली संघाची, वाचतो ती पुस्तके संघाची, आणि ज्या वहीत तो रात्री चार ओळी लिहितो ती वहीही संघाचीच. ‘माझे’ या शब्दावरचा हक्क ज्याने समजून-उमजून सोडला, त्याचे ‘वैयक्तिक’ कागद म्हणजे नेमके काय?

या प्रश्नाला एक सोपे उत्तर आहे. ‘वैयक्तिक’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : एक मालकीचा आणि दुसरा आंतरिकतेचा. व्रताने पहिला संपतो, दुसरा उरतो. एखादी वही आपली नसली तरी तीत लिहिलेले दुःख आपले असू शकते. हे उत्तर बरोबर आहे, पण ते दिल्याने प्रश्न मिटत नाही. उलट अधिक अवघड होतो. कारण खाजगीपणाचे रक्षण आपण सामान्यतः मालकीच्या आधाराने करतो. घर माझे म्हणून दार माझे. पत्र माझे म्हणून ते फोडायचे नाही. जेथे मालकीच नाही तेथे आंतरिकतेचे रक्षण कशाच्या बळावर करायचे, आणि नंतर येणाऱ्या वाचकाने आपला वाचण्याचा अधिकार कशावर उभा करायचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वाचनाच्या अधिकाराचे तीन आधार सर्रास सांगितले जातात. लेखक मृत झाला आहे. कागद ज्या संस्थेच्या ताब्यात आहेत तिने परवानगी दिली आहे. आणि ज्ञानाला त्यांची गरज आहे. हे तिन्ही आधार व्यवहारात उपयोगी असले तरी नैतिक दृष्ट्या अपुरे आहेत. मृत्यूने माणसाची तक्रार करण्याची शक्ती जाते, तक्रारीचे कारण जात नाही. संस्थेची परवानगी मालकीवर उभी असते, आणि मालकी व आंतरिकता वेगळ्या आहेत हे आपण आताच पाहिले. राहिली ज्ञानाची गरज. ती खरी आहे; पण गरज आणि अधिकार यांत अंतर असते, आणि तेच येथे तपासायचे आहे.

२

खानदेशातल्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. घरदार बाजूला ठेवलेल्या माणसांनी जमवलेल्या आणि मागे ठेवलेल्या कागदांची दोन मोठी ठिकाणे धुळ्यात आहेत. एक, शंकर श्रीकृष्ण देव यांच्या समर्थविषयक परिश्रमांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर; दुसरे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाल्यावर १९२७ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेले संशोधन मंडळ. राजवाडे कोणत्याही संघाचे दीक्षित नव्हते. परंतु पत्नीच्या निधनानंतर पुन्हा संसार न मांडता, गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे सोडवीत त्यांनी जे आयुष्य काढले, त्याला व्रताशिवाय दुसरा शब्द नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. यातील बराचसा मजकूर म्हणजे कोणीतरी कोणाला तरी लिहिलेली पत्रे होत.

पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींची जी झडती घेतली, तिचे तत्त्व मराठी इतिहासलेखनात आता रुळून गेले आहे. बखर ही घटनेनंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून, पुढच्यांनी वाचावे म्हणून लिहिली जाते. पत्र घटनेच्या वेळी, त्या वेळच्या कामासाठी लिहिले जाते. म्हणून पत्राची साक्ष अस्सल. साहित्यविचाराच्या परिभाषेत मांडायचे तर बखरीच्या संहितेतच भावी वाचक गृहीत धरलेला असतो, आणि पत्रात तो नसतो. पत्रलेखकाला आपण माहीत नाही. आपल्यावर छाप पाडण्याचा त्याला मोह नाही. म्हणूनच आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

येथेच एक पेच उभा राहतो. ज्या कारणाने इतिहासकार पत्रावर विश्वास ठेवतो, नेमक्या त्याच कारणाने ते वाचण्याचा अधिकार त्याला सहज मिळू नये. पत्र आपल्याला उद्देशून लिहिलेले नाही, म्हणून ते खरे. आणि आपल्याला उद्देशून लिहिलेले नाही, म्हणून ते आपले नाही. कागदाची प्रमाणता आणि कागदाची अस्पर्श्यता एकाच मुळातून उगवतात. अठराव्या शतकातील कारभाऱ्यांच्या पत्रांबाबत हा पेच बोचत नाही, कारण त्या कागदांत राजकारण पुष्कळ आणि अंतःकरण थोडे. शिवाय मधे काळाचे रुंद पात्र आहे. पण तीच पद्धत घेऊन आपण एखाद्या विसाव्या शतकातील व्रतस्थ अध्यापकाच्या पेटीपाशी आलो, तर हात आखडतो. आखडला पाहिजे.

बोलण्याला जसा रोख असतो तसा कागदालाही असतो. तो कोणाकडे तोंड करून लिहिला आहे, हे त्याच्या आशयाइतकेच त्याच्या अर्थाचा भाग असते. माझे म्हणणे असे की, वाचनाचा नैतिक प्रश्न मालकीच्या भाषेत सुटत नाही. तो या रोखाच्या भाषेत मांडला तर निदान नीट मांडला जातो.

३

जेझुइट संघाच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते, कारण कागदाच्या रोखाचा विचार या संघाने आरंभापासून जाणीवपूर्वक केला. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५४२ मध्ये आपले सहकारी पीटर फेबर यांना पत्रलेखनाविषयी सूचना दिल्या. मुख्य पत्र असे लिहावे की ते कोणालाही दाखवता येईल. लिहून झाल्यावर ते पुन्हा तपासून नीट उतरून काढावे. आणि इतर खाजगी बाबी वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहाव्यात. एकाच लखोट्यात दर्शनी कागद आणि आतला कागद अशी ही विभागणी आहे. ‘वैयक्तिक कागदपत्रे’ हे सूचीतील एकच नाव या दोहोंना एका पातळीवर आणते आणि लिहिणाऱ्याने काळजीपूर्वक पाळलेला भेद पुसून टाकते.

खुद्द इग्नेशियस यांच्या कागदांची हकीकत याहून बोलकी आहे. १५४४-४५ या काळातील त्यांच्या आध्यात्मिक रोजनिशीच्या दोन वह्याच आज उपलब्ध आहेत. त्यांतील पहिलीत मुख्य विवंचना आहे ती संघाच्या चर्चना निश्चित उत्पन्न असावे की नसावे याची, म्हणजे दारिद्र्याच्या व्रताचीच. निःस्वतेचा निर्णय घेणाऱ्या माणसाचा सर्वांत आतला कागद निःस्वतेविषयीच असावा, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या वहीत तर वाक्येही थोडी. मिस्सेच्या आधी, मिस्सेच्या वेळी आणि नंतर अश्रू आले की नाही याच्या त्रोटक खुणा तेवढ्या आहेत. उतारवयात इग्नेशियस यांनी आपली जीवनकथा लुईस गोन्साल्विस द कामारा या सहकाऱ्याला सांगितली. त्या वेळी त्यांच्यापाशी कागदांचा एक मोठा गठ्ठा होता. त्यातील काही भाग त्यांनी वाचूनही दाखवला. पण कामाराने ते कागद थोडा वेळ मागितले तेव्हा त्यांनी नकार दिला. ज्याला सबंध आयुष्य सांगितले, त्याच्या हाती कागद दिले नाहीत. सांगणे आणि वाचू देणे यांतला फरक त्यांना ठाऊक होता. त्या दोन वह्या पुढे विसाव्या शतकात संपूर्ण छापल्या गेल्या, आणि आज त्यांच्यावाचून त्यांच्या अध्यात्माचा विचार होत नाही. नकार मोडला गेला आणि ज्ञान वाढले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

मराठीच्या अभ्यासकाला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे आहे. १५७९ मध्ये गोव्यास पोहोचल्यावर त्यांनी आपल्या वडिलांना सागरप्रवासाची हकीकत कळवणारे पत्र लिहिले. एका मुलाने बापाला आपण सुखरूप पोहोचल्याचे कळवावे, एवढाच त्याचा रोख. पण इंग्लंडात हे पत्र हॅक्लुट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले आणि पूर्वेच्या सागरी मार्गाविषयी उत्सुक असलेल्या लोकांनी ते माहितीसाठी वाचले. बापासाठी लिहिलेले वारे आणि प्रवाह व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे ठरले. पत्रातील एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ बदलला, कारण त्याचा रोख बदलला गेला. उलट स्टीफन्स यांचे जे लेखन सर्वांसाठी होते, त्या १६१६ मध्ये छापलेल्या पुराणाच्या पहिल्या आवृत्तीची प्रत मात्र आज उपलब्ध नाही. ते पुढे हस्तलिखितांच्या आधारे टिकले. कागदाचे भवितव्य लेखकाच्या इच्छेप्रमाणे ठरत नाही, हे यावरून दिसते. म्हणूनच ती इच्छा ओळखण्याची जबाबदारी वाचकावर येते.

४

आता आपल्या कल्पित प्राध्यापकाच्या पेटीकडे परत येऊ. तीत तीन प्रकारचे कागद असणार : पत्रे, आत्मपरीक्षणाची टिपणे आणि प्रयोगवह्या. यांपैकी पत्रांबाबत एक साधी गोष्ट विसरली जाते. माणसाच्या पेटीत त्याने लिहिलेली पत्रे क्वचित असतात. असतात ती त्याला आलेली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली. जुना विद्यार्थी, बहीण, शंकेने ग्रासलेला तरुण सहकारी यांनी त्याच्यापुढे मन मोकळे केलेले असते. व्रत त्याने घेतले होते, त्यांनी नाही. त्याच्या निःस्वतेचा आधार घेऊन त्यांची खाजगी बाब सार्वजनिक करता येत नाही.

दुसरा प्रकार आत्मपरीक्षणाचा. इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत विशेष आत्मपरीक्षणाची जी रीत सांगितली आहे ती मोठी कुतूहलजनक आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या. जो एक दोष काढून टाकायचा असेल तो दुपारपर्यंत जितक्या वेळा घडला तितके ठिपके पहिल्या रेघेवर, रात्रीपर्यंतचे दुसऱ्या रेघेवर. मग रेघेशी रेघ, दिवसाशी दिवस आणि आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. दोषाचे नाव लिहिण्याची गरज नाही. असा कागद संशोधकाच्या हाती आला तर त्याला ठिपके मोजता येतील, पण ते कशाचे आहेत हे कळणार नाही. सर्वांत खाजगी कागद हाच सर्वांत मुका असतो. शिवाय धर्मगुरूने ऐकलेले पापनिवेदन त्याने कोणत्याही प्रकारे उघड करायचे नाही, असा कॅथलिक धर्माचा कडक नियम आहे. म्हणजे त्याच्या आयुष्यातील कदाचित सर्वांत भारलेले तास या पेटीत असूच शकत नाहीत. या दप्तराच्या मध्यभागी नियमाने राखलेली एक रिकामी जागा आहे, आणि ती रिकामी आहे हेच त्या दप्तराविषयीचे महत्त्वाचे विधान आहे.

तिसरा प्रकार प्रयोगवहीचा. ही वही निर्वैयक्तिक समजली जाते, आणि रोखाच्या दृष्टीने ती तशीच आहे : हा विषय जाणणाऱ्या कोणाही माणसाने तोच प्रयोग करून पडताळावा म्हणून ती लिहिली जाते. पण तिचे नियम पाहिले की त्यांचे आत्मपरीक्षणाशी नाते लक्षात येते. चुकीची नोंद खोडून नाहीशी करायची नाही, वाचता येईल अशी एक रेघ मारायची. पान फाडायचे नाही. आकडा त्याच वेळी लिहायचा, मागाहून आठवून नाही. अनुमापनात एका मोजणीवर भिस्त ठेवायची नाही; जुळणारे आकडे येईपर्यंत ती पुन्हा करायची, आणि जुळावेत म्हणून ते वळवायचे नाहीत. हे सगळे नियम स्वतःला फसवण्याच्या माणसाच्या सवयीविरुद्ध केलेले आहेत. दुपारचे आणि रात्रीचे ठिपके ताडणाऱ्याला ते नवीन वाटणार नाहीत.

प्रयोगवहीतील प्रामाणिकपणाची खरी कसोटी नकारात्मक निष्कर्षात लागते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करणारे जेझुइट फादर कायस आणि डॉ. कृ. श्री. म्हसकर यांनी सर्पदंशावर परंपरेने वापरल्या जाणाऱ्या शेकडो भारतीय वनस्पतींची तपासणी करून १९३१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा होता की त्यांपैकी एकही वनस्पती सर्पविषावर उपयोगी ठरत नाही. याच दोघांनी फादर ब्लॅटर यांच्यासह कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील मोठ्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. त्यातील कान्होबा रणछोडदास कीर्तिकर म्हणजे टेनिसनच्या काव्यावरून ‘इंदिरा’ रचणारे मराठी कवी, हे साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. वनस्पतींविषयी एवढी आस्था असलेल्या माणसांनी शेकडो वेळा ‘उपयोग नाही’ असे लिहावे, यात काय लागते याची कल्पना सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला यावी. पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला पाल्याचा रस पाजून वाट पाहायची की तातडीने प्रतिविषाकडे न्यायचे, हा तेथे जीवन-मरणाचा प्रश्न आहे. माणसाचे शील शोधायला त्याच्या रोजनिशीत डोकावलेच पाहिजे असे नाही. त्याने सर्वांसाठी लिहिलेल्या कागदात, इच्छेविरुद्ध आलेला आकडा जसाच्या तसा ठेवण्यात, ते पुरेसे उघड असते.

५

यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. रोखाचे बंधन इतके काटेकोर पाळले तर पुष्कळ मोलाचे साहित्य आपल्याला अंतरले असते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी आपली गाणी कागदाकडे किंवा वाचकाकडे तोंड करून रचली नव्हती. त्यांना लिहिता येत नव्हते. घरातल्या माणसांनी ती उतरून घेतली, ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या, आणि सोपानदेवांजवळची ती गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. हे घडले नसते तर मराठी कविता दरिद्री राहिली असती, याबद्दल दुमत नाही.

आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी सांगता येतात. एक, गाण्याचा रोख मुळातच ऐकणाऱ्याकडे असतो. जात्यावर वा शेतात म्हटलेले गाणे शेजारणीने उचलले तर गाणारीला तो अपमान वाटत नाही. ते कागदावर आणताना त्याचा रोख मोडला नाही, रुंदावला. दोन, ते रुंदावणारा हात जवळचा आणि जबाबदार होता. याच खानदेशातील दुसरे उदाहरण १९३२ चे आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बोलणारा अपरिग्रही, जागा सरकारी, लिहिणारा बंदिवान. त्या शब्दांवर मालकी सांगावी असे तेथे कोणी नव्हते. तरीही त्या टिपणांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ निर्वेधपणे उभा राहिला, कारण त्यांचा रोख ऐकणाऱ्यांकडे होता आणि लिहिणाऱ्याने त्यात स्वतःला मधे आणले नाही. मालकी नसतानाही कागदाशी नीतीने वागता येते, याचा हा आपल्या परिसरातला पुरावा आहे.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो मनाईचा नाही. इग्नेशियस यांच्या वह्या पुन्हा बंद कराव्यात असे कोणी म्हणणार नाही. निष्कर्ष असा की, लेखकाच्या व्रताने मालकीचे कुंपण दूर झाले असेल, तर त्याच्या जागी वाचकाने स्वतःचे काही व्रत आणले पाहिजे. त्याची तीन अंगे सांगता येतील. पहिले, कागद उद्धृत करताना त्याचा रोख सांगणे : हे वाक्य वरिष्ठांना लिहिलेले, हे बहिणीला, हे स्वतःला. रोखाविना दिलेले अवतरण हे अर्धे अवतरण होय. दुसरे, अपरिग्रह : आपल्या प्रश्नाला जेवढे लागते तेवढेच घेणे, आणि ज्यांनी कोणतेही व्रत घेतले नव्हते त्या तिसऱ्या माणसांना त्यांच्या आडोशात राहू देणे. तिसरे, मौनाचा मान : ठिपके कशाचे हे कळत नसेल तर तर्काने ते भरून न काढणे. अलीकडच्या चरित्रपर समीक्षेला या तिसऱ्या अंगाची विशेष गरज आहे, कारण रिकामी जागा दिसली की तीत मनोविश्लेषण ओतण्याचा तिला मोह होतो.

आज हे व्रत अधिक कठीण झाले आहे. पूर्वी दप्तर पाहायला गावी जावे लागे, रुमाल सोडावा लागे, एका पत्रासाठी आजूबाजूची वीस चाळावी लागत. त्या वीस पत्रांतून त्या एकाचा रोख आपोआप उमजे. आता कागदांच्या प्रतिमा पडद्यावर येतात, शब्द शोधला की ओळ हाती लागते, आणि ओळ मिळाली की कागद वाचल्याचा भास होतो. पीएच.डी.च्या प्रबंधांना ‘अप्रकाशित’ या शब्दाचे जे आकर्षण असते, त्याला ही सोय फार मानवते. पण अप्रकाशित असणे हा कागदाचा गुण नव्हे. ती पुष्कळदा लिहिणाऱ्याची इच्छा असते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘वाचन’ हा शब्द मोजणीलाही लावतात. ब्यूरेटमधील द्रवाची पातळी वाचताना डोळा त्या पातळीच्याच रेषेत आणावा लागतो. वरून पाहिले तर एक आकडा दिसतो, खालून पाहिले तर दुसरा. मृत माणसाच्या कागदांकडे आपण बहुधा वरून पाहतो, कारण त्याच्या आयुष्याचा शेवट आपल्याला ठाऊक असतो आणि त्याला तो ठाऊक नसतो. त्याचे कागद वाचण्याचा अधिकार मिळवायचा तर आधी ही उंची सोडावी लागते.